आराखडा निकष कधी ठरतो?

रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या हिरकणीवाडीतून १९९६ पासून गडावर ये-जा करणाऱ्या रोपवेसारख्या व्यवस्थेत, समजा, दोर बदलण्याचे काम निघाले, तर कोणते काम कोणी, केव्हा व कोणत्या तपासणीनंतर करायचे हे लिहून ठेवणारा प्रकल्प आराखडा तयार होतो. आणि संस्था स्वतःच्याच कामकाजाची जी पद्धतशीर पडताळणी करते, त्या अंतर्गत गुणवत्ता लेखापरीक्षणात हा आराखडा निकष म्हणून वापरता येतो. आयएसओ १९०११ या मार्गदर्शक मानकात निकष म्हणजे ज्यांच्याशी पुरावा ताडून पाहायचा त्या आवश्यकता, आणि आयएसओ ९००१ मध्ये संस्थेने स्वतः ठरवलेल्या आवश्यकताही तपासण्याचे बंधन आहे. दोराचा व्यास मोजून नोंदवल्याशिवाय प्रवासी न्यायचे नाहीत असे आराखड्यात असेल आणि नोंदवहीतली मोजणीची तारीख वाहतूक सुरू झाल्यानंतरची निघाली, तर दोर कितीही भक्कम असला तरी ती विसंगती, म्हणजे आवश्यकतेची अपूर्तता, ठरते. मात्र कोकणातल्या पावसामुळे आराखडा रीतसर बदलला असल्यास काम झाले त्या दिवशी लागू असलेली आवृत्तीच निकष म्हणून धरावी लागते. जुनी प्रत हाती घेऊन चुका काढणारा लेखापरीक्षक (असे बरेच आढळतात) कामाची नव्हे, रद्दीची तपासणी करत असतो.