दार उघडे, पायऱ्या मात्र शहरात

जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव आहे. परिसर आदिवासी, प्रामुख्याने गोंडांचा. सेवाकाळात या भागात माझे अनेकदा जाणे होई. अलीकडे एका जुन्या परिचिताकडे गेलो असता, इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्या त्याच्या मुलीने विचारले, ‘‘सर, फ्रेंचमध्ये एम.ए. करायला काय लागते?’’

कागदावरचे उत्तर सोपे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2024 च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार, पदवीचा विषय कोणताही असला तरी प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास दुसऱ्या विषयात एम.ए. करता येते. तीन वर्षांच्या पदवीनंतर हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाचा.

खरी अट मात्र नियमाबाहेर आहे. एम.ए.च्या वर्गात मुळाक्षरे शिकवत नाहीत. साहित्य, भाषाविज्ञान, अनुवाद यांचा अभ्यास फ्रेंचमधूनच करावा लागतो. त्यासाठी युरोपीय मोजपट्टीवरील सहापैकी चौथी, म्हणजे ‘बी-2’ पातळी तरी गाठलेली असावी. शून्यापासून तिथवर पोहोचायला शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली साधारण 500 ते 600 तास लागतात.

पुण्याच्या विद्यार्थ्याला हे तास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये प्रमाणपत्र, पदविका, प्रगत पदविका अशा पायऱ्यांनी मिळतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बी.ए.लाच फ्रेंचचा श्रीगणेशा करता येतो. मी हे सांगितले तेव्हा त्या मुलीने वहीत ‘600 तास’ असे लिहिले आणि विचारले, ‘‘इथे शिकवणार कोण?’’ माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कोणी म्हणेल, जिथे शाळेत गोंडीला जागा नाही, तिथे फ्रेंच कशाला? 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली गोंडी आठव्या अनुसूचीबाहेर आहे, ही उणीव खरीच. पण ‘आधी मराठी, मग फ्रेंच’ असे पुण्याच्या मुलीला आपण बजावत नाही. मग निवडीची सक्ती कुंडमच्याच मुलीवर का?

परभाषेच्या अज्ञानाची किंमत मी स्वतः मोजली आहे. मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी साधने फ्रेंच दप्तरांत आहेत. वि. गो. हातळकरांनी ती वाचून मराठे-फ्रेंच संबंधांवर 1958 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. माझ्यासारखे इतिहासाचे विद्यार्थी मात्र अशा मोजक्या अभ्यासकांच्या डोळ्यांनीच ती साधने पाहत राहिले. उद्या ती कोणी वाचायची, हे शहरातील पत्त्यावरून ठरू नये.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर उपलब्ध करायच्या परदेशी भाषांत फ्रेंचचा उल्लेख आहे. तो अर्थपूर्ण करायचा तर दोन गोष्टी हव्यात. पहिली, प्रत्येक जिल्ह्यातील किमान एका शासकीय महाविद्यालयात परदेशी भाषेचा पूर्णवेळ शिक्षक. दुसरी, एम.ए.पूर्वी एक पायाभूत वर्ष, ज्याला श्रेयांक, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीची जोड असेल. अट शिथिल करून पदवी पोकळ करण्यापेक्षा, अट पूर्ण करण्याची सोय करणे हे शासनाचे काम आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)