पोषणपूरकांची बाजारपेठ आणि स्त्रियांचे अबोल दुखणे

मुळशी म्हटले की मराठी वाचकाला 1921 चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी आपले दुःख चव्हाट्यावर मांडले, म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. आजच्या मुळशी तालुक्यात एका टोकाला हिंजवडी-माणची संगणक कार्यालये आहेत, मध्ये पिरंगुटचे कारखाने आहेत आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या अलीकडील भाताची खाचरे आहेत. या तिन्ही ठिकाणच्या स्त्रियांमध्ये एक दुखणे समान असू शकते. मात्र त्याची नोंद सहसा कोठेच होत नाही. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात उठणाऱ्या असह्य कळा, हे ते दुखणे. ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ या एका वाक्यात घरोघर त्याचा निकाल लावला जातो.

या कळांमागे पुष्कळदा एंडोमेट्रिऑसिस हा विकार असतो. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, बीजवाहिन्यांवर वा ओटीपोटाच्या आवरणावर वाढू लागतात. त्यातून दाह होतो, व्रण उरतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात. काही स्त्रियांना मूल होण्यातही अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे 10 टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे 19 कोटी स्त्रिया व मुली या विकाराने ग्रस्त आहेत. हा विकार समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही. वेदनाशामके, संप्रेरकांच्या गोळ्या आणि गरज पडल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने तो आटोक्यात ठेवता येतो. साध्या सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही. त्यामुळे लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत अनेकींची कित्येक वर्षे निघून जातात.

या मधल्या वर्षांतच बाजारपेठ आपले काम करते. जीवनसत्त्वे, माशाचे तेल, मॅग्नेशियम, हळदीचा अर्क, ‘संप्रेरकांचा तोल साधणारी’ चूर्णे अशा बाटल्या दुकानांत आणि त्याहून अधिक मोबाइलवरील जाहिरातींत दिसतात. डॉक्टरकडे जायला संकोच वाटतो, सुट्टी मिळत नाही, घरच्यांना पटवावे लागते. बाटली मात्र कोणालाही न विचारता घरपोच येते. म्हणून प्रश्न कोणती बाटली चांगली एवढाच नाही. बाटली घेण्याची वेळ कोणती, हा त्याआधीचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

ग्राहकाची अडचण

भाजी घेताना ती ताजी आहे की नाही हे पाहून कळते. साबण चांगला की वाईट हे वापरल्यावर समजते. परंतु काही वस्तू अशा असतात की त्या वापरल्यानंतरही त्यांचा उपयोग झाला की नाही हे ग्राहकाला सांगता येत नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये अशा, निव्वळ विश्वासावर विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंचा एक स्वतंत्र वर्ग मानला. पोषणपूरके याच वर्गात मोडतात. एंडोमेट्रिऑसिसची वेदना एका महिन्यात भडकते, दुसऱ्या महिन्यात ओसरते. ती भडकलेली असताना बाटली आणली जाते आणि पुढे ती आपोआप ओसरली तरी श्रेय बाटलीला मिळते.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. या विकाराच्या काही तरुण मुलींना सहा महिने ‘ड’ जीवनसत्त्व, काहींना माशाचे तेल आणि काहींना औषधी गुण नसलेली नुसती गोळी देण्यात आली. ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या हे खरे. पण नुसती गोळी घेणाऱ्यांच्याही जवळजवळ तितक्याच कमी झाल्या! माशाच्या तेलाच्या गटातील घट तर याहूनही कमी होती. ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या काही लहान प्रयोगांत वेदना घटल्याचे आढळले आहे. तथापि प्रयोग लहान असले की त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. युरोपातील तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शिकेनेही आहारासह अशा कोणत्याही एका बिगर-वैद्यकीय उपायाची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे नमूद केले आहे. याचा अर्थ ही सर्व द्रव्ये निरुपयोगी आहेत असा नव्हे. पुरावा तोकडा आहे आणि जाहिरात मात्र ठाम आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्याच्या दृष्टीने पोषणपूरक हे औषध नसून अन्न आहे. त्यामुळे औषधांच्या कमाल किमतींचे नियंत्रण त्याला सहसा लागू होत नाही आणि तीच जीवनसत्त्वे वेगवेगळ्या वेष्टनांत कितीतरी पट वेगळ्या दरांनी विकली जातात. 2016 च्या नियमांनुसार अशा वस्तूच्या वेष्टनावर ती औषधी वापरासाठी नाही असे छापणे बंधनकारक झाले. मासिक पाळीचे विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना तर 1954 च्या कायद्यानेच मनाई आहे. परंतु ‘बरे करते’ असे न म्हणता ‘साहाय्य करते’ असे म्हटले की पळवाट सापडते. दुखण्याने बेजार झालेली स्त्री त्या दोहोंतील फरक करीत बसत नाही.

निवडीचा क्रम

मग पूरके घ्यावीत की नाहीत? घ्यावीत; परंतु क्रम सोडून नव्हे. पहिली पायरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून निदानाची. दुसरी रक्ततपासणीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. ज्या स्त्रीला अंगावर जास्त जाते तिच्या बाबतीत लोहाची कमतरता असण्याची शक्यता अधिक. ती तपासणीत आढळली, तर लोह हे निव्वळ विश्वासावर घेण्याचे पूरक राहत नाही. ते आवश्यक औषध ठरते. लोह व फॉलिक आम्लाची गोळी सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळते. तिने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून ती पुष्कळदा फडताळात पडून राहते आणि तिच्या जागी महागडे टॉनिक येते. वास्तविक ही गोळी चहाबरोबर वा कॅल्शियमबरोबर न घेता लिंबू-आवळ्यासारख्या आंबट पदार्थाबरोबर घेतली तर अंगी अधिक लागते, आणि मळमळीवर डॉक्टर तोडगा सुचवू शकतात.

‘ड’ जीवनसत्त्वाचेही तसेच. कमतरता असेल तर ते जरूर घ्यावे. पण आठवड्यातून एकदा घ्यायची 60,000 युनिटांची पुडी रोज घेतली तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर ताण येतो. मूल हवे असलेल्या स्त्रीने ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा टाळाव्यात, कारण त्या गर्भाला अपायकारक ठरू शकतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ‘ई’ जीवनसत्त्व वा माशाचे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हळदीचा अर्क आणि भाजीतील हळद यांत मात्रेचे मोठे अंतर आहे. अशा अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बारा-पंधरा घटक एकत्र केलेली भुकटी घेण्यापेक्षा एका वेळी एकच द्रव्य घ्यावे. दोन-तीन महिन्यांची मुदत ठरवून वेदनेची रोज वहीत नोंद करावी आणि फरक नसेल तर ते बंद करावे.

पूरकांचा विचार करताना ताटाकडे दुर्लक्ष होऊ नये. मुळशीच्या आंबेमोहराचे कौतुक सर्वत्र होते; त्याच भागातील उतारांवरची नाचणी मात्र हलक्या प्रतीची मानली गेली. तिच्यात 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. जवसाच्या चटणीत माशाच्या तेलाच्या कुळातील स्निग्धांश असतो, अळिवात लोह आणि आवळ्यात ‘क’ जीवनसत्त्व असते. हे पदार्थ एंडोमेट्रिऑसिस बरा करतील असा दावा कोणी करू नये. परंतु शरीराचे पोषण हा जर हेतू असेल, तर तो बाटलीच्या किमतीच्या अल्पांशात साधतो.

खरी किंमत

बाटलीची किंमत वेष्टनावर छापलेली असते. तिच्यामुळे वाया गेलेल्या काळाची किंमत कोठेच छापलेली नसते. ‘हे संपेपर्यंत पाहू’ असे म्हणत एकेक बाटली संपते, आणि तेवढ्या काळात आतील व्रण वाढलेले असू शकतात. कंत्राटी कामगार स्त्रीचा दर महिन्याला दोन-तीन दिवसांचा रोज बुडतो. विद्यार्थिनीची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते. मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावला जातो. ज्या कुटुंबात तिच्या दुखण्यावरचा खर्च सर्वांत शेवटी येतो, त्या कुटुंबाने तो थोडासा पैसा तरी प्रथम निदानावर खर्च करावा, हा साधा हिशेब आहे.

याबाबत शाळांना फार काही करता येण्याजोगे आहे. किशोरवयीन मुलींना आठवड्याला लोहाची गोळी देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2013 पासून राबविण्यात आला आणि त्यात शिक्षकांवर मोठी भिस्त ठेवण्यात आली. गोळी देतानाच शिक्षिकेने ‘पाळीच्या दिवसांत तुझी शाळा बुडते का?’ एवढा एक प्रश्न आपुलकीने विचारावा. ‘दर महिन्याला बुडते’ असे उत्तर आल्यास मुलीच्या आईला बोलावून पौडच्या ग्रामीण रुग्णालयाचा वा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा रस्ता दाखवावा. त्यासाठी वेगळे अनुदान लागत नाही, नवा शासननिर्णयही लागत नाही. मुलगी वेळेवर डॉक्टरकडे पोहोचली तर पुढे तिला कोणते पूरक हवे, किंवा हवे की नाही, हे जाहिरातीऐवजी तिच्या तपासणीवरून ठरेल.