कुंडीतली माती की व्हीआरचा चष्मा? वऱ्हाडातल्या आजी-आजोबांच्या मनाला आधार कशाचा?

वरुडची संत्र्याची बाग असो की अकोटचं कपाशीचं वावर, आयुष्यभर मातीत राबलेला माणूस उतारवयात अमरावतीला किंवा अकोल्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला येतो. जेवण वेळेवर मिळतं, दवाखाना जवळ असतो. पण सकाळी उठून करायचं काय, याचं उत्तर नसतं. हळूहळू बोलणं कमी होतं, झोप उडते, "आता आमचं काय काम?" हे रोज ऐकू येतं. घरचे म्हणतात, वय झालं. अनेकदा ते नैराश्य असतं.

भारतातल्या वृद्धत्वाविषयीच्या 'लासी' या राष्ट्रीय सर्वेक्षणात (२०१७-१८) ६० वर्षांवरील ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं आढळली. निदान झाल्याचं सांगणारे मात्र एक टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे बहुतेकांचा त्रास कुणाच्या लक्षातच आलेला नव्हता.

अशा वेळी उपचारांच्या जोडीला जगभरात दोन गोष्टी वापरून पाहिल्या जात आहेत. एक जुनी, बागकाम. दुसरी नवी, व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणजेच व्हीआर.

बागकामाने काय होतं?

नेदरलँड्समधल्या २०११ च्या एका प्रयोगात ३० जणांना आधी ताण येईल असं काम दिलं गेलं. मग काहींनी अर्धा तास बागकाम केलं, काहींनी वाचन. शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांमध्ये जास्त उतरलं. त्यांचा मूडही पूर्ववत झाला.

कारणं साधी आहेत. हातापायांची हालचाल होते, सकाळचं ऊन मिळतं आणि उद्याची वाट पाहायला काहीतरी असतं. पेरलेली मेथी उगवली का, हे बघायला माणूस आपणहून उठतो.

झाड असणं वेगळं, झाड आपलं असणं वेगळं

१९७६ मध्ये अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. दोन मजल्यांवरच्या रहिवाशांना रोपं दिली. एका मजल्यावर सांगितलं, रोप तुम्ही निवडा, सांभाळायचंही तुम्हीच. दिवस कसा घालवायचा तेही तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, रोपाला पाणी नर्स घालतील. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त उत्साही आणि आनंदी दिसले. रोपं दोन्हीकडे होती. फरक होता तो जबाबदारीचा आणि निवडीचा.

ही गोष्ट अमरावतीला नवी नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं. तिथे कुष्ठरुग्णांना औषधोपचारासोबत शेती आणि हस्तोद्योगांचं काम मिळालं. आजार आणि वार्धक्य या वेगळ्या गोष्टी आहेत. पण आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत, ही भावना दोन्हीकडे तितकीच लागते.

मग व्हीआर कशासाठी?

व्हीआरच्या चष्म्यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, त्यामुळे दृश्याला खोली येते. मान वळवली की दृश्यही वळतं आणि आपण तिथेच उभे आहोत असं वाटतं. जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांना गावी जाणं झेपत नाही, त्यांना याचा उपयोग होऊ शकतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा धडधाकट आजोबांनाही दिवसा घरातच बसावं लागतं. समजा, नातवाने ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने बहरातली बाग टिपून आणली, तर आजोबांना खुर्चीत बसून तिथे फेरी मारता येईल.

पण चष्म्यातलं झाड पाण्यावाचून सुकत नाही. त्याला कुणाची गरज नसते. व्हीआरचा खरा लाभ चष्मा उतरवल्यावर मिळतो. "ते विहिरीजवळचं झाड कोणी लावलं?" असं नातवाने विचारलं की आजोबा बोलू लागतात. एकट्याला चष्मा लावून बसवून ठेवलं, तर टीव्हीत आणि त्यात फारसा फरक राहत नाही.

सुरुवात कशी करावी?

• वाकावं लागू नये म्हणून कुंड्या ओट्यावर, कमरेच्या उंचीवर ठेवा.
• रोपं आजी-आजोबांनाच निवडू द्या. पावसाळ्यात गवार, दोडकी. हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार.
• पिकलेली भाजी घरच्या स्वयंपाकात वापरा आणि कुणाच्या हातची आहे ते जेवताना सांगा.
• उन्हाळ्यात बागकाम सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच. मधुमेह असेल तर अनवाणी नको.
• व्हीआर पहिल्यांदा पाचच मिनिटं, बसूनच आणि कुणीतरी सोबत असताना. डोळे हालचाल पाहतात पण शरीर स्थिर असतं, त्यामुळे मळमळ किंवा चक्कर येऊ शकते. चष्म्याचं वजन सुमारे अर्धा किलो असतं, मान दुखत असेल तर टाळा. फिट्स, स्मृतिभ्रंश किंवा नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एवढ्यावर थांबू नका

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी टिकली, जेवण-झोप तुटली किंवा मरणाची भाषा येऊ लागली, तर कुंडीवर किंवा चष्म्यावर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि २४ तास सुरू असतो. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

नैराश्यावर उपचार आहेत. औषध सुरू असतानाही सकाळी कुंडीला पाणी घालायचं काम मात्र आजोबांकडेच राहू द्या.