सोन्याचा कस, सल्ल्याचा कस

साखरपुडा ठरला की घरात पहिली बोलणी निघतात ती सोन्याची. अंगठी किती ग्रॅमची? मंगळसूत्र कोणाकडे करायचे? मग आपण तालुक्याला जातो. सराफ ओळखीचा असतो. "घरचाच माणूस, त्याच्याकडं पावती काय मागायची?" असे म्हणून आपण पैसे मोजतो.

पण पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. चोख व्यवहार करणारा सराफ ती न मागताच देतो.

चोख सोने २४ कॅरटचे. ते मऊ असते. म्हणून दागिना घडवताना त्यात तांबे, चांदी मिसळतात. २२ कॅरट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोने. अशा दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. हजार भागांत ९१६ भाग सोने, असा त्याचा अर्थ. १८ कॅरटवर ७५० असतो.

आता हिशेब करू या. ५ ग्रॅमची अंगठी २२ कॅरटची असेल, तर तिच्यात साडेचार ग्रॅमहून थोडे जास्त सोने असते. १८ कॅरटची असेल, तर पावणेचार ग्रॅम. डोळ्यांना दोन्ही पिवळ्याच दिसतात! १८ कॅरटचा दागिना विकणे यात वाईट काही नाही. पण १८ चा देऊन २२ चे दाम घेणे ही लबाडी.

ही लबाडी ओळखता यावी म्हणून हॉलमार्कचा शिक्का असतो. २०२१ सालापासून तो एकेका जिल्ह्यात सक्तीचा होत गेला. त्यात तीन गोष्टी बघाव्यात: भारतीय मानक ब्यूरोची खूण, कॅरटचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला ही सक्ती नाही. तिथे तर पावती हवीच. पावतीवर वजन, कॅरट, भाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. खडा असेल, तर त्याचे वजन सोन्यात धरू देऊ नये.

सराफाला बोल लावताना थोडे आपल्याकडेही बघू या. "आम्हांला काही नको, मुलाला तेवढी तोळ्याची अंगठी घाला," असे वरपक्ष म्हणतो. मुलीचा बाप रान गहाण टाकतो. लग्नासाठी अशी मागणी करणे हा हुंडाच. १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. अंगठी शंभर नंबरी असली, तरी ही मागणी खोटीच.

लग्नात मुलीला मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन. ते सासरच्या पेटीत असले तरी तिचेच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हे स्पष्ट सांगितले आहे. म्हणून पावत्या तिच्याजवळ असाव्यात.

पुढे संसार सुरू होतो. कधी भांड्याला भांडे लागते. मग घरातली वडील माणसे, गावातले जाणते, नाहीतर संस्थेतले समुपदेशक सल्ला देतात. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कुटुंब न्यायालयांतही समुपदेशक असतात. पण सल्ल्यावर शिक्का नसतो. मग त्याचा कस कसा बघायचा?

चांगला सल्लागार दोघांचेही ऐकतो, आणि वेगवेगळे ऐकतो. नवऱ्यासमोर बाई मोकळी बोलत नाही, हे तो जाणतो. ऐकलेले चावडीवर नेत नाही. एका बाजूचे पैसे घेऊन दुसरीला दाबत नाही. तो वाट दाखवतो, निर्णय त्या दोघांवर सोडतो.

आणि मारहाण होत असेल, तर "बाईनं सोसायचं असतं," असे तो कधीच म्हणत नाही. तिथे आधी तिचा जीव, मग समेट. २००५ च्या कायद्याने तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. १८१ या क्रमांकावर फोन करूनही मदत मिळते.

आपल्यालाही कोणी ना कोणी सल्ला विचारतेच. भावजय विचारते, शेजारीण विचारते. तेव्हा स्वतःलाच विचारावे: माझी लेक त्या जागी असती, तर हेच सांगितले असते का?

सोन्यात भेसळ झाली तर पैसा जातो. सल्ल्यात भेसळ झाली तर एखाद्या बाईचा जन्म जातो. म्हणून दोन्हींचा कस बघावा.