शोरूमच्या गारव्यात कळत नाही ते

दुकानात एसी असतो, वर गाण्यांचा गोंगाट. तिथे कुठलाही लॅपटॉप थंड आणि शांतच वाटतो. खरी परीक्षा नागपूरच्या मे महिन्यात. म्हणून चार्जर जोडायला सांगा, चार-पाच टॅबमध्ये फोर-के व्हिडिओ लावा आणि पंधरा मिनिटं थांबा. विक्रेता घाई करेल, करू द्या. मग तळहात बुडाशी फिरवा. मनगट टेकतं ती जागा तापली असेल, तर तो लॅपटॉप घेऊच नका. कान जवळ न्या: वाऱ्याची सरसर चालेल, खरखर किंवा बारीक शिट्टी नको. अनेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की आपला वेग आपणच कमी करतात. २०२० च्या एम-१ मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. पंख्याचा आवाज शून्य, पण लांबलेल्या जड कामात तोही मंदावतो.