‘फर्स्ट कॉपी’चा कबुलीजबाब

नामांकित कंपनीचा बूट दहा-पंधरा हजारांचा, आणि हुबेहूब तसाच इन्स्टाग्रामवर बाराशेला. खाली ओळ असते : ‘फर्स्ट कॉपी. ओरिजिनल नाही. रिटर्न नाही.’ उल्हासनगरच्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा (यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’) विनोद आता जुना झाला, त्यात निदान गिऱ्हाइकाला गंडवायची धडपड तरी होती. आजचा विक्रेता खरं सांगून मोकळा होतो. आपण कोणाला फसवलंच नाही, मग गुन्हा कसला, अशी त्याची समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार चिन्ह ही मालकाची मालमत्ता आहे. नोंदणीकृत चिन्ह जसंच्या तसं, त्याच प्रकारच्या मालावर विनापरवानगी वापरलं, की लोकांचा गोंधळ होणार हे न्यायालय कलम २९ प्रमाणे गृहीतच धरतं. जाहिरातीतल्या सूचनेने बुटावरचं चिन्ह पुसलं जात नाही. तो बूट घालून कोणी लोकलमध्ये चढला, तर समोरच्याला चिन्ह दिसतं, सूचना नाही.

फौजदारी बाजू आणखी कडक आहे. खोटं चिन्ह लावणाऱ्याला कलम १०३, तर असा माल विकणाऱ्याला किंवा विक्रीसाठी बाळगणाऱ्याला कलम १०४ लागतं. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान १ वर्ष कैद आणि १ लाख दंड. विक्रेत्याला बचावाची सोय आहे, नाही असं नाही. सगळी खबरदारी घेऊनही माल खोटा असल्याची शंका यायला कारण नव्हतं, किंवा विचारल्यावर माल कुठून आणला ते सांगितलं, हे त्याने सिद्ध करायचं. पण ज्याने आपल्याच हाताने ‘फर्स्ट कॉपी’ लिहिलं, तो ‘शंका यायला कारण नव्हतं’ हे कोणत्या तोंडाने म्हणणार? ढाल म्हणून लिहिलेली ओळ त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

ग्राहकाची स्थिती मात्र वेगळी. स्वतःसाठी असा माल घेणं या कायद्याखाली गुन्हा नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये नकली माल म्हणजे खरा असल्याचा खोटा दावा केलेला माल. ‘कॉपी’ म्हणूनच घेतलेल्या बुटाबद्दल मग ‘नकली गळ्यात मारला’ अशी तक्रार कशी करणार?

बाजारात उघड विक्री दिसते म्हणून ती कायदेशीर समजू नये. वॉरंटशिवाय छाप्यासाठी किमान उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी लागतो, आणि आधी व्यापारचिन्ह निबंधकांचं मतही घ्यावं लागतं. कारवाई रेंगाळते ती अशी.

घरबसल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवून कमिशन कमावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : ऑर्डर तुम्ही घेता, पैसे तुमच्या खात्यात येतात, तर विक्रेते तुम्हीच. असा माल ग्रुपवरून आजच काढून टाका.