किडीच्या छायाचित्रासाठीं भिंग कसें निवडावें?

नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षबागाईतदारांत आतां असा परिपाठ पडला आहे कीं, पानावर कांहीं विपरीत दिसतांच फोननें त्याचें छायाचित्र काढून जाणत्याकडे पाठवावयाचें व त्याच्या सल्ल्यानें फवारणी करावयाची. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीस. तेव्हां निफाड-दिंडोरीच्या प्रत्येक बागेंत तज्ज्ञानें स्वतः यावें ही अपेक्षा व्यर्थ होय. परंतु पाठविलेलें चित्र बहुधा हिरव्या पानावरील धुरकट ठिपक्यांचें असतें. त्यावरून फुलकिडे म्हणावे कीं लाल कोळी, हें कोण सांगणार? फुलकिडा हा सहा पायांचा कीटक, कोळी आठ पायांचा निराळाच जीव. एकावरील औषध दुसऱ्यावर चालेलच असें नाहीं. चुकीच्या फवारणीचा खर्च तर वायां जातोच, शिवाय युरोपास जाणाऱ्या मालांत औषधांचे अंश तपासले जातात, त्यांत एकाची विनाकारण भर पडते.

प्रौढ फुलकिडा सुमारें १ मिलिमीटर लांब, आणि लाल कोळी त्याच्या निम्मा. कित्येक स्वस्त फोनांत सूक्ष्म चित्रणासाठीं म्हणून २ मेगापिक्सेलचा जादा कॅमेरा दिलेला असतो. आमच्या मतें तो शोभेचा आहे; त्याच्यासाठीं पैसाही अधिक देऊं नये. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्यानें बसणारें भिंग कांहीं शेंकडा रुपयांत मिळतें, तें घ्यावें.

दुकानदार ‘किती पट’ हा आंकडा पुढें करील. त्यास भुलूं नये. भिंगाची शक्ति जितकी अधिक, तितकें तें पानाजवळ न्यावें लागतें. भिंग खरोखरच १० पटीचें असेल तर पानापासूनचें अंतर सुमारें २५ मिलिमीटर राहतें. २० पटीचें असेल तर साडेबाराच. इतक्या जवळ फोनची सावली पानावर पडते आणि झुळकेसरशी किडा चित्राबाहेर जातो. बागेंत उभें राहून काम करणाऱ्यास १० पट पुरे आहे.

परीक्षा सोपी आहे. दुकानांत मिलिमीटरच्या रेघांचा आलेखाचा कागद न्यावा व त्याचें चित्र घ्यावें. कडेच्या रेघा वांकलेल्या, पुसट किंवा रंगीत झालर लागलेल्या दिसल्या, तर तें भिंग परत करावें. मध्यभाग तर बहुतेक सर्वच भिंगांत बरा दिसतो! चित्राच्या रुंदींत किती रेघा मावतात हेंही मोजावें. पंधरा-वीस मिलिमीटर मावले तर फुलकिड्यासाठीं चालेल, कोळ्यासाठीं त्याच्या निम्मे बरे.

ज्यांच्या घरीं भिंग बदलतां येणारा कॅमेरा आहे, त्यांनीं हजारों रुपयांचें खास भिंग घेण्यापूर्वीं जोडनळीचा विचार करावा. ही पोकळ नळी कॅमेरा व भिंग यांच्यामध्यें बसते. तिच्यांत कांच नसल्यानें चित्राचा दर्जा कांचेमुळें बिघडत नाहीं. प्रकाश मात्र कमी होतो. ५० मिलिमीटरच्या भिंगामागें २५ मिलिमीटरची नळी लावली कीं वस्तूची प्रतिमा तिच्या मूळ आकाराच्या निम्मी उमटते; एरवीं ती याहून फारच लहान असते. जुनें भिंग विकत घेतांना आंत विजेरी धरून पाहावें. पावसाळ्यांत भिंगांच्या आंतही बुरशी धरते. ती येथेंही आपली पाठ सोडीत नाहीं.

चित्र सकाळीं वारा पडलेला असतांना, पानाची खालची बाजू वर करून घ्यावें. फुलकिडे चपळ, शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला असतां ते खालीं पडतात व नीट टिपतां येतात. शेजारीं मिलिमीटरची पट्टी ठेवावी, म्हणजे पाहणाऱ्यास आकार कळतो. व्हॉट्सॲपवर नेहमींच्या रीतीनें पाठविलेलें चित्र आकुंचन पावतें व बारीक पाय त्यांत नाहींसे होतात. म्हणून तें ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें.